अक्कांच्या नावाचा लेख

‘हिचा लेख तेवढा राहिलाय,’ नानासाहेब म्हणाले. ‘तो मात्र तिला विचारून लिहा.’

मी मिटलेली वही पुन्हा उघडली. विचारून लिहिण्याची पद्धत आमच्या कामात नव्हती.

‘विचारून म्हणजे साहेब, मुद्दे घेऊन?’

‘विचारून म्हणजे विचारून. परड्यात बसली असेल, जा.’

ही त्र्याण्णव सालातल्या थंडीतली गोष्ट. नानासाहेब इंगवले एकसष्ट वर्षांचे होत होते. हिंगणवाडीत त्यांचं शिक्षण मंडळ होतं. चार हायस्कुलं, एक कॉलेज, एक डी.एड. आणि आता विधान परिषदेचं तिकीट मिळेल असा रंग दिसत होता. तिकीट देणाऱ्यांसमोर नुसतं अध्यक्ष म्हणून जाऊन भागत नाही. शिक्षणमहर्षी म्हणून जावं लागतं. महर्षी व्हायला पूर्वी तप लागत असे. आमच्या वेळेला साडेतीनशे पानांचा गौरवग्रंथ पुरायचा, आणि तो मी लिहायचो.

मिरजेला माझं ऑफिस होतं. ‘हुपरीकर प्रसिद्धी सेवा’ अशी पाटी. त्याआधी मी एका दैनिकात विनोदी सदर चालवायचो. ज्यांची टिंगल करायचो त्यांच्यातल्याच एकानं एकदा विचारलं, आमचं भाषण लिहून देता का? दिलं. टिंगलीला आणि स्तुतीला लागणारं निरीक्षण एकच असतं. शेवट तेवढा बदलावा लागतो. नानासाहेबांकडे मी अकरा वर्षं होतो. त्यांची भाषणं, पत्रकं, खुलासे, दिवाळीच्या शुभेच्छा आणि विरोधकांच्या निधनावरची श्रद्धांजली हे सगळं माझं.

ग्रंथाचं नाव ‘दीपस्तंभ’. त्या साली आमच्या जिल्ह्यात तीन दीपस्तंभ निघाले. समुद्र दीडशे किलोमीटरवर होता. लेख एकूण पस्तीस. त्यातले चौतीस मी लिहून काढले होते. पद्धत अशी असते की आधी नावं ठरतात, मग फोटो मागवतात आणि लेख शेवटी होतो. निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याच्या लेखात ‘मला पक्के स्मरते’ दोनदा यावं लागतं. सभापतीच्या लेखात एक वाक्य अर्धं पान चालतं आणि क्रियापद येतच नाही. बालमित्र एक तरी लागतोच, आणि त्यानं नदीत बुडता बुडता वाचावं लागतं. नानासाहेबांना पोहता येत नव्हतं. ग्रंथात त्यांनी तिघांना वाचवलं होतं. त्यांतल्या एकाला, बापू कुंभाराला, मी त्याचाच लेख वाचून दाखवला तेव्हा टोपी काढून डोकं खाजवत तो म्हणाला, ‘आता आठवाय लागलंय बघा.’

आणि त्या चौतीसही लेखांत एक गोष्ट ठामपणे आली होती. अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला, ओसाड चावडीत, सात मुलं घेऊन, नानासाहेबांनी शाळा काढली.

नानासाहेबांच्या पत्नी परड्यात पाटावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. नाव इंदुमती, गाव त्यांना अक्का म्हणायचं. ग्रंथात मी त्यांचं ‘वहिनीसाहेब’ करून टाकलं होतं.

‘आलासा? बसा की,’ त्या म्हणाल्या. ‘चटई घ्या ती. काय विचारायचं ते विचारा. पण संसाराचं गोडगोड मला सांगता येत नाही, आधीच सांगते.’

‘ते मी घालतो अक्का. तुम्ही आपलं सुचेल ते बोला.’

त्या बराच वेळ शेंगाच सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुमच्या त्या पुस्तकात शाळा कुणी काढली?’

मी म्हटलं, ‘साहेबांनी.’

‘कितीजणांनी लिहिलंय तसं?’

‘चौतीस.’

‘अगं बाई,’ अक्का म्हणाल्या. ‘चौतीसजण होते होय तिथं? मला तर दोघंच दिसली होती. मी आणि माझा दादा.’

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या धंद्यात काय लिहायचं नाही हे आधी कळून घ्यावं लागतं. शाळा काढली होती अक्कांच्या थोरल्या भावानं, केशव शिंगटे मास्तरांनी. नानासाहेब त्यांचे मित्र, दोन वर्षांनी मेहुणे झाले, मग मंडळाचे कार्यवाह. एकोणसत्तर साली एका सर्वसाधारण सभेत हात वर झाले, मंडळाची घटना बदलली आणि मास्तरांचं नाव कागदावरून गेलं. मास्तर भांडले नाहीत. सीमेपलीकडच्या एका गावात जाऊन मुलांच्या शिकवण्या घेत राहिले. सभेचा वृत्तान्त मी येण्याच्या कितीतरी आधीचा. पण भाषा बघून वाटायचं, लिहिणारा माझाच कुणी पूर्वज असणार.

‘दारची जुनी फळी होती,’ अक्का सांगत होत्या. ‘तिला कोळशाचं काळं मी फासलं. झाला फळा. हात आठ दिवस काळे राहिले माझे. हे कुठं लिहू नका. एवढंच लिहा की शाळा माझ्या भावानं काढली, केशव शिंगटे त्याचं नाव. एक वाक्य. बाकी तुम्हाला काय साखर पेरायची ती पेरा, मी सही करते.’

‘एकच वाक्य?’

‘एकच. त्याच्या वर मागितलं तर तुम्हीच घाबराल.’ त्या हसल्या. मग हसू गेलं. ‘दादा तुमच्या मिरजेतच आहे. शैलाकडं, लेकीकडं. डॉक्टर म्हणतात, महिना काढला तर पुष्कळ. त्याला कशाचं काही नाही, कधी शब्दानं बोलला नाही. पण मला वाटतं, छापलेलं एकदा त्यानं बघून जावं. तुम्ही पहिली प्रत त्याला नेऊन द्याल?’

‘देईन की.’

‘मी पत्र टाकलंय त्याला. तुझं नाव येणार म्हणून.’

मी परड्यातच बसून लेख लिहिला. दीड पान. त्यांचं वाक्य चौथ्या परिच्छेदात टाकलं, होतं तसं: ‘आमची शाळा माझ्या भावाने काढली. केशव शिंगटे त्याचे नाव.’ वाचून दाखवलं. अक्कांनी ते वाक्य परत एकदा वाचायला लावलं आणि सही केली. निघताना पावशेर पावटे बांधून दिले.

एसटीत बसल्यावर मी कामाला लागलो. हातात वही नव्हती, पण आमचं काम वहीत थोडंच असतं? चौतीस लेख एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. मुंबईला तिकीट देणाऱ्यांच्या टेबलावर ग्रंथ जाणार. तिथला एखादा कारकून नेमका बायकोचाच लेख उघडणार, कारण लोक तोच आधी वाचतात. विरोधी गटाच्या हातात तर कोलीतच. नानासाहेब ‘तिला विचारून लिहा’ म्हणाले खरे, पण ते का म्हणाले असतील? घरात तंटा नको म्हणून. तिला बोलू द्या, तिचं समाधान होऊ द्या, पुढचं तुम्ही बघा. सगळं तोंडानं सांगायला लागलं तर हुपरीकर कशाला हवा? माझी सगळी पत त्यावरच होती. इतर प्रसिद्धीवाल्यांना साहेब लोक लाल शाईनं दुरुस्त्या करून पाठवत. माझे कागद नानासाहेबांकडून एकाही लाल रेघेशिवाय परत येत. मी ते जपून ठेवायचो.

तीन दिवसांनी दुपारी प्रेसमध्ये सतराव्या पानाचं प्रूफ माझ्यासमोर आलं. मी ते वाक्य काढलं. तिथं भोक पडलं, तेव्हा मोजून तेवढंच दुसरं घातलं: ‘सासर आणि माहेर हा भेद मला कधी जाणवलाच नाही. दोन्ही घरे एकच झाली.’ ओळी अगदी बरोबर बसल्या. प्रेसचे मालक भोसले माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, ‘कसं जमतं हो तुम्हाला, एक अक्षर इकडं तिकडं नाही!’

मला बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

समारंभ जानेवारीच्या शेवटी झाला. मांडव, हार, एकसष्ट दिव्यांनी ओवाळणं, सगळं रीतसर. माजी मंत्री आले होते. त्यांचं भाषण मी लिहिलं होतं. नानासाहेबांचं उत्तराचं भाषणही माझंच होतं, त्यामुळे दोघांचे मुद्दे एकमेकांना फारच छान जुळले. प्रकाशन झालं आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर प्रती वाटल्या गेल्या. अक्का व्यासपीठावर नानासाहेबांच्या शेजारी होत्या. त्यांना पानाचा आकडा मी कळवून ठेवला होता. त्यांनी चष्मा लावला, सतरावं पान काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या. बोट चौथ्या परिच्छेदावर आलं. थांबलं. परत वर गेलं, परत खाली आलं. मग त्यांनी पान उलटून मागं बघितलं, चुकून तिकडं गेलंय का म्हणून.

मग त्यांनी मान वळवून नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेब हार सावरत फोटोग्राफरकडे बघत होते.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला हायसं वाटलं.

मास्तरांना पहिली प्रत नेऊन द्यायची होती. चार दिवस मला दुसरी कामं निघाली. पाचव्या दिवशी शैलाचा फोन आला. ती पोस्टात नोकरीला होती, बोलणं मोजकं. ‘आत्याचं पत्र आलं होतं. बाबा रोज विचारतात, पुस्तकवाले आले का. तुम्हाला जमणार नसेल तर मी येऊन घेऊन जाते.’ मी म्हटलं, छे छे, निघालोच होतो.

प्रेसपासून चालत दहा मिनिटांवर घर. दोन खोल्या. मास्तर कॉटवर उशाला टेकून बसले होते. अंगावर लोकरीची बंडी, दाढी केलेली. माझ्यासाठी केली होती की काय कोण जाणे. पायांना सूज होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; डॉक्टरांनी, आता कशाला, म्हणून ऑपरेशन टाळलं होतं.

‘या हुपरीकर. तुमचं सदर मी वाचत होतो पूर्वी,’ ते म्हणाले. ‘बंद का केलंत?’

‘वेळ होईना.’

‘चांगलं होतं. खरं असायचं.’

मी ग्रंथ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला नाही. आधी वजन बघितलं, मग कागद बोटांनी चाचपला, मग पुठ्ठ्याची बांधणी. ‘दणकट काढलंय,’ ते म्हणाले. ‘मला अक्षरं काही लागत नाहीत आता. तुम्हीच वाचा. इंदूचं वाचा.’

शैला दारात उभी होती. ती म्हणाली, ‘मी वाचते की बाबा.’

‘तू रोज वाचतेस. लेखकाच्या तोंडून ऐकू दे.’

मी सतरावं पान काढलं आणि वाचायला लागलो. साखर पेरलेले तीन परिच्छेद झाले. मास्तर मान हलवत ऐकत होते, विद्यार्थ्याचं पाठांतर ऐकावं तसे. चौथा परिच्छेद आला. समोर सासर आणि माहेर होतं. मी पुस्तकावरून नजर न उचलता म्हटलं:

‘आमची शाळा माझ्या भावाने काढली. केशव शिंगटे त्याचे नाव.’

मास्तरांची मान थांबली.

‘परत वाचा,’ ते म्हणाले.

मी परत वाचलं. तोंडात बसलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा आणखी चांगलं वाचलं. पुढं माझ्या मनानं भर घालत गेलो. ओसाड चावडी. कोळशानं काळी केलेली दारची फळी. बहिणीचे आठ दिवस काळे राहिलेले हात. दसऱ्याचा दिवस, सात मुलं. छापील लेख तिथं केव्हाच संपला होता. मी पान उलटून पुढं वाचत होतो आणि पानावर साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा संदेश होता.

‘आठ,’ मास्तर म्हणाले.

‘काय?’

‘आठ होती मुलं. इंदूला सातच आठवतात. आठवा उशिरा आला, दुपारून. माळावरच्या मेंढक्यांचा होता, धुळा म्हणून. मेंढरं पाण्यावर सोडून आला. त्याला पटावर घेतला तेव्हा इंदू घरी गेली होती.’ त्यांनी थोडा दम घेतला. ‘पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. तो आला होता, त्याचं नाव राहू नये.’

‘करतो.’

‘त्यांनी येऊ दिलं म्हणायचं,’ मास्तर म्हणाले. ‘नानानं. मला वाटलं नव्हतं.’ मग हात पुढं केला. ‘कुठं आहे ते वाक्य? माझं बोट ठेवा त्याच्यावर.’

मी त्यांचं बोट धरलं आणि सतराव्या पानावर, चौथ्या परिच्छेदात, सासर आणि माहेर हा भेद मला कधी जाणवलाच नाही यावर ठेवलं. ते तिथं बोट ठेवून बसून राहिले. किती वेळ ते मी मोजलं नाही. शैला पुढं येऊन त्यांच्या खांद्यावरून पुस्तकात बघत होती, आणि तिला अक्षरं लागत होती.

ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली. पुस्तक तिच्या हातात होतं.

‘हे घेऊन जा,’ ती म्हणाली.

‘राहू दे की. मास्तरांसाठीच आहे.’

‘उद्या कोणी भेटायला आलं तर बाबा त्याला वाचायला सांगतील. मग? ज्याला त्याला मी जिन्यात गाठून पढवू?’ तिनं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. ‘मी त्यांना सांगते, आत्यानं एकाला दाखवायला मागून नेलं. चुका काढायची त्यांना आवडच आहे. तुम्ही दुरुस्तीला नेलंय असंही सांगता येईल.’

मास्तर त्यानंतर नऊ दिवसांनी गेले.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी नानासाहेबांनी मला बोलावून घेतलं. ते एकटेच होते. समोर ‘दीपस्तंभ’ होता आणि सतराव्या पानात तिकिटासारखा कागदाचा तुकडा घातलेला होता.

‘हुपरीकर, ते वाक्य कुठं गेलं?’

‘कुठलं साहेब?’

‘केशवचं. हिच्या लेखातलं.’

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘तुम्हाला ते माहीत होतं?’

‘जेवताना सांगितलं होतं तिनं. दादाचं नाव घालणार आहे म्हणाली. मी म्हटलं, घाल.’ त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘चोवीस वर्षं मला ते तोंडानं म्हणता आलं नाही. आणि आता म्हणायला गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग इतके दिवस काय झालं होतं? बायकोच्या लेखात आलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. बाईमाणूस भावाचं कौतुक करणारच. आलं ते आलं. माझंही ओझं उतरलं असतं आणि तिचंही झालं असतं. म्हणून तर तुम्हाला म्हटलं होतं, तिला विचारून लिहा.’

मी म्हटलं, ‘प्रेसमध्ये ओळ गळली असेल साहेब. कंपोझिंगला नवीन माणूस आहे.’

‘ओळ गळली, आणि तिच्या जागी सासर-माहेर आपोआप उगवलं?’

नानासाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी चढवला असता तर बरं झालं असतं.

‘किती वर्षं आहात माझ्याकडं?’

‘अकरा.’

‘अकरा वर्षांत मी तुम्हाला कधी म्हटलं, हे कापा?’

‘नाही साहेब.’

‘कधी म्हणायला लागलंच नाही,’ ते म्हणाले. आवाज कौतुकाचा होता. सवयीनं मी आभार मानायच्या बेतात होतो.

मग मी म्हटलं, ‘अक्कांना मी सांगतो सगळं. माझ्या हातून झालं म्हणून.’

‘कशाला?’ नानासाहेबांनी चष्मा परत लावला. ‘तिला वाटतंय मी कापलं. समारंभापासून बोलत नाही माझ्याशी. केशवच्या सरणापाशी उभी होती, तिथंही बोलली नाही. राहू दे. तिला माझी सवय आहे. तुमच्यावर तिचा भरवसा आहे, तो कशाला मोडता? पुढं कामं पडलीत. महिलांसाठी तिच्या नावानं पत्रक काढायचंय.’ त्यांनी ग्रंथ मिटून बाजूला सारला. ‘आणि तेराव्याला पेपरात केशववर लेख येऊ दे. तिच्याच नावानं. सगळं घाला, काही राखू नका. शाळा त्यानं काढली, मुलं, चावडी, सगळं. आता काही हरकत नाही.’

तो लेख मी एका बैठकीत लिहिला. एक शब्द खोडावा लागला नाही. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं आणि नंतर जमलं नाही. त्यात नदी नव्हती, बालमित्र नव्हता. चावडी होती, फळी होती, दुपारून मेंढरं सोडून आलेला धुळा होता, आणि आठ मुलं होती. तिसऱ्या दिवशी सहीसाठी घेऊन हिंगणवाडीला गेलो.

अक्का स्वयंपाकघरात होत्या. मला तिथंच बसवलं, चहा टाकला आणि कागद घेऊन उजेडाला गेल्या. ओळीखाली बोट धरून, हळू, शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

‘आठवा कुठला?’ त्यांनी विचारलं.

‘मास्तरांनी सांगितलं. तुम्ही घरी गेल्यावर आला होता.’

‘मला कधी बोलला नाही दादा.’ त्या चुलीजवळ आल्या आणि माझ्या कपात चहा ओतला. ‘शैलानं सांगितलं मला. तुम्ही नाव घालून वाचलंत म्हणून. जाताना तो खुशीत होता म्हणे, नानानं येऊ दिलं, नानानं येऊ दिलं, असं सारखं म्हणायचा. तेवढं तरी केलंत तुम्ही. नाहीतर कोण करतंय.’

मी चहाचा घोट घेतला.

‘चांगलं लिहिलंय हो,’ अक्का कागदाकडे बघत म्हणाल्या. ‘हे तुम्हाला तेव्हाही येत होतं?’

‘येत होतं.’

‘मग?’

बोलायचं तर तेव्हाच होतं. समोर फक्त त्या होत्या, आणि माझ्यापाशी खरं, सोपं, एक वाक्य होतं.

मी म्हटलं, ‘साहेब…’ आणि थांबलो.

पुढचं अक्कांनी स्वतःच भरून घेतलं. त्यांनी मान हलवली. माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, कागद ओट्यावर ठेवला, हात नीट पुसून सही केली आणि पेन मला परत दिलं.

‘जाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा काय दोष त्यात? तुम्ही बिचारे सांगतील तेवढं लिहिणार.’

कपात घोटभर चहा उरला होता. तो घेतला आणि निघालो.